तुळईच्या कंपनांवरून संरचनात्मक हानीचा शोध : तत्त्व, मर्यादा आणि कोल्हापूर परिसरातील पुलांचा संदर्भ

गोषवारा

पूल, छत, यंत्राचा सांगाडा अशा अनेक संरचनांचा मूलभूत घटक तुळई हा असतो. तुळईला तडा गेल्यास तिची ताठरता घटते व तिच्या कंपनांची वारंवारता उतरते. या साध्या तत्त्वावर हानी शोधण्याची पद्धत उभी आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील भौतिकी, हानीचे स्थान ओळखण्याची युक्ती आणि तापमानामुळे होणारी फसगत यांचे विवेचन केले आहे. निरोगी अवस्थेतील नोंद हाताशी नसेल तर नंतरचे मापन जवळजवळ मुके ठरते, हा मुद्दा पंचगंगेवरील पुलांच्या संदर्भात मांडला आहे.

बीजसंज्ञा : तुळई, नैसर्गिक वारंवारता, कंपनरूप, वक्रता, संरचनात्मक हानी, मूळ नोंद.

प्रस्तावना

बाजारात मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव परिसरातील फौंड्रीमध्ये कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारून कानाने अंदाज घेणारे अनुभवी कारागीर आढळतात. रेल्वेत गाडीच्या चाकांवर हातोडी मारीत जाणारा कर्मचारी जुन्या पिढीतील प्रवाशांच्या परिचयाचा होता. या तिन्ही ठिकाणी एकच भौतिकी कार्यरत आहे. वस्तूला तडा गेला की तिची ताठरता कमी होते, तड्याच्या दोन पृष्ठांच्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, आणि म्हणून आवाज खाली येतो व लवकर विझतो.

मडक्याच्या परीक्षेत एक गोष्ट सहज निसटते. घेणाऱ्याच्या कानात शेकडो चांगल्या मडक्यांचा आवाज आधीच साठलेला असतो. त्याच्याशी तुलना करूनच तो निवाडा देतो. पूल मात्र एकेकटे असतात. एकाच्या आवाजावरून दुसऱ्याची परीक्षा करता येत नाही. प्रत्येक पुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच पूर्वीच्या अवस्थेशी करावी लागते. ही पूर्वीची अवस्था मोजून ठेवलेली नसेल, तर पुढील सारे गणित अधांतरी राहते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पुलाचा भाग कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. त्यापूर्वीच्या संरचनात्मक तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीसह वापरास योग्य ठरविण्यात आला होता. डोळ्यांनी केलेली पाहणी पृष्ठभाग पाहते. काँक्रीटच्या आत गंजणारी सळई, फरशीखाली झिजलेला आधार तिला दिसेलच असे नाही. गोव्यात ५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरील पूल कोसळला, तेव्हा त्याला सुमारे दीड दशकच झाले होते. तो प्रीस्ट्रेस्ड म्हणजे पूर्वताणित काँक्रीटचा होता. अशा पुलाचा प्राण ज्या पोलादी तारांत असतो, त्या काँक्रीटच्या पोटात दडलेल्या असतात.

तुळई कशी कंप पावते

वीणेची तार आणि तुळई यांत एक मूलभूत फरक आहे. मिरजेच्या कारागिराने बनविलेल्या तंबोऱ्याची तार ताणामुळे पूर्वस्थितीला येते. ताण वाढविला की स्वर चढतो. तुळईला असा ताण नसतो. ती वाकण्यास जो विरोध करते त्यातून तिला परत आणणारे बल मिळते. या विरोधाला नमन-ताठरता म्हणतात. पदार्थाचा यंग गुणांक आणि छेदाचे जडत्व-आघूर्ण यांचा गुणाकार म्हणजे ही ताठरता. तुळईची नैसर्गिक वारंवारता या ताठरतेच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात, एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अठराव्या शतकात ऑयलर व डॅनियल बर्नुली यांनी घातलेल्या या पायावर सडपातळ तुळयांचे गणित आजही उभे आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील उदाहरण घेतल्यास आकडे हाताळता येतील. ६ मि.मी. जाडीची पोलादी पट्टी एका टोकाला शिकंजात घट्ट धरून ५० सें.मी. लांबी मोकळी सोडली, तर तिची पहिली नैसर्गिक वारंवारता सुमारे १९.६ हर्ट्झ आणि दुसरी सुमारे १२२.६ हर्ट्झ येते. पट्टीची रुंदी किती याने फरक पडत नाही, कारण रुंदीबरोबर ताठरता व वस्तुमान दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रथम पटत नाही. दोन वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या शेजारी धरून दाखविल्या की पटते.

आता याच पट्टीला शिकंजालगत जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे २ मि.मी. खोल काप दिला असता पहिली वारंवारता साधारण दोन टक्क्यांनी उतरते. हाच काप मोकळ्या टोकाजवळ दिला तर वारंवारतेत काहीही जाणवत नाही. शिकंजालगत पट्टी सर्वाधिक वाकते, टोकाशी जवळजवळ वाकतच नाही. जेथे वाकणे नाही तेथे ताठरता कमी झाली काय आणि न झाली काय, कंपनाला त्याची दखल नसते. संपूर्ण पद्धतीचे मर्म या एका निरीक्षणात आहे.

याच प्रयोगात एक सापळाही आहे. शिकंजा सैल पडून पट्टी केवळ ५ मि.मी. बाहेर सरकली, तर लांबी एक टक्क्याने वाढते आणि वारंवारता दोन टक्क्यांनी उतरते. म्हणजे एकतृतीयांश जाडी कापणारी गंभीर हानी आणि आधाराचे क्षुल्लक सरकणे यांचा पहिल्या वारंवारतेवरील परिणाम सारखाच. आधार ही तुळईची बाह्य बाब आहे असे पाठ्यपुस्तकातील आकृत्या पाहून वाटते. कंपनाच्या दृष्टीने आधार हा तुळईचाच भाग असतो.

स्थान कसे कळते

हानी-शोधाच्या कार्याच्या चार पायऱ्या डेन्मार्कमधील ए. रायटर यांनी १९९३ मध्ये मांडल्या व त्या पुढे सर्वत्र रूढ झाल्या : हानी आहे काय, कोठे आहे, किती आहे, आणि संरचना आणखी किती काळ टिकेल. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाणे हे या विषयातील सर्वांत रंजक पाऊल आहे.

दोन्ही टोकांना साध्या आधारांवर टेकलेली एकसारख्या छेदाची तुळई विचारात घ्यावी. ती एकाच वेळी अनेक रूपांत कंप पावू शकते. पहिल्या रूपात सारी तुळई एका कमानीसारखी वरखाली होते. दुसऱ्या रूपात मध्यबिंदू स्थिर राहून दोन्ही अर्धे भाग विरुद्ध दिशांना हालतात. तिसऱ्यात तीन वळणे पडतात. या रूपांना कंपनरूपे म्हणतात, आणि त्यांच्या वारंवारता १ : ४ : ९ या प्रमाणात असतात.

समजा, तुळईच्या लांबीच्या दोन टक्के एवढ्या छोट्या पट्ट्यात ताठरता वीस टक्क्यांनी घटली. हा पट्टा बरोबर मध्यभागी असेल तर पहिली वारंवारता सुमारे ०.४ टक्क्याने उतरते. दुसरी जवळजवळ जशीच्या तशी राहते, कारण दुसऱ्या रूपात मध्यभागी तुळई हालतही नाही आणि वाकतही नाही. तिसरी पुन्हा ०.४ टक्क्याने उतरते. हाच पट्टा एका आधारापासून पाव लांबीवर असेल तर चित्र पालटते : पहिली व तिसरी सुमारे ०.२ टक्क्याने आणि दुसरी ०.४ टक्क्याने उतरते. हानी तेवढीच असूनही वारंवारतांची घट वेगळ्या प्रमाणांत विभागली जाते.

दुसऱ्या वारंवारतेतील टक्केवारी घट भागिले पहिलीतील टक्केवारी घट हे गुणोत्तर हानी किती यावर अवलंबून नसते, ती कोठे यावरच असते. आधाराच्या अगदी जवळ ते ४ असते, पाव लांबीवर २, एकतृतीयांश लांबीवर १ आणि मध्यावर शून्य. केवळ दोन वारंवारता मोजून हानीचे ठिकाण वाचता येते, आणि त्यासाठी तुळईवर सर्वत्र हात फिरविण्याची गरज नाही. पीटर कॉली व आर. डी. ॲडम्स या ब्रिटिश अभियंत्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वारंवारतांच्या घटीच्या गुणोत्तराचा असा उपयोग करून दाखविला. या निबंधानंतर या विषयास खरी गती मिळाली असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कागदावर हे जितके देखणे दिसते तितके ते प्रत्यक्षात सोपे नाही. पहिली अडचण सममितीची. डावीकडून पाव लांबीवरील तडा आणि उजवीकडून पाव लांबीवरील तडा सर्व वारंवारता सारख्याच उतरवितो, म्हणून वारंवारतेवरून या दोहोंत भेद करता येत नाही. दुसरी अडचण अचूकतेची. प्रत्येक मापनात केवळ ०.१ टक्का एवढी चूक मानली, तरी वरील पाव लांबीच्या उदाहरणात गुणोत्तर २ ऐवजी १ पासून ५ पर्यंत काहीही येऊ शकते. म्हणजे एकतृतीयांशापासून थेट आधारापर्यंतचा सारा भाग संशयित ठरतो. आधाराजवळ तर दोन्ही घटी शून्याच्या जवळ जातात आणि गुणोत्तराला अर्थच उरत नाही. अनेक तुळयांमध्ये कर्तन-तडे नेमके आधाराजवळच पडतात, हे लक्षात घेता ही मर्यादा साधी नाही.

अचूकता वाढवायची म्हणजे काय करायचे, याचेही गणित स्पष्ट आहे. २० मीटर लांबीच्या एखाद्या पुलाच्या गाळ्याची पहिली वारंवारता ६ हर्ट्झ असेल, तर ०.४ टक्का म्हणजे ०.०२४ हर्ट्झ. कंपनाच्या नोंदीचे फूरिए रूपांतर केल्यावर दोन शेजारच्या वारंवारतांमधील अंतर हे नोंदीच्या कालावधीच्या व्यस्त असते. दहा सेकंदांच्या नोंदीत ते ०.१ हर्ट्झ राहील, म्हणजे हानीचा सारा परिणाम एकाच घरात लपून जाईल. ०.०२४ हर्ट्झचा फरक ओळखण्यासाठी किमान ४२ सेकंदांची, व्यवहारात काही मिनिटांची नोंद घ्यावी लागते. कूली व ट्यूकी यांच्या १९६५ मधील जलद पद्धतीमुळे हे रूपांतर संगणकावर क्षणार्धात होते. प्रश्न संगणकाचा नसून नोंद घेण्याच्या चिकाटीचा आहे.

तापमानाचे सोंग

वरील गुणोत्तराच्या युक्तीला तापमान ज्या तऱ्हेने चकविते, ते स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. तापमान वाढले की काँक्रीट व पोलाद यांचा यंग गुणांक किंचित घटतो. संपूर्ण तुळई एकसारखी तापली, तर तिच्या सर्व वारंवारता एकाच टक्केवारीने उतरतात. दुसऱ्या व पहिल्या घटीचे गुणोत्तर अर्थातच १ येते. मागील परिच्छेदांतील कसोटी लावली तर याचा अर्थ निघतो, तुळईला एकतृतीयांश लांबीवर तडा गेला आहे. कोल्हापुरात उन्हाळ्यात पहाटे व दुपारी तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. पहाटे एकदा व दुपारी एकदा मापन करणारा उत्साही संशोधक धडधाकट तुळईत तडा शोधून काढील, आणि तोही नेमक्या ठिकाणी.

या सोंगाचा उलगडा तिसऱ्या वारंवारतेने होतो. तडा खरोखरच एकतृतीयांशावर असेल, तर तिसऱ्या रूपात ते ठिकाण स्थिर बिंदूचे असल्याने तिसरी वारंवारता बदलत नाही. कारण तापमान असेल तर तीही इतरांइतकीच उतरते. दोन साक्षीदार एकच खोटी कथा सांगत असताना तिसऱ्याने ती उघडी पाडावी, तसा हा प्रकार आहे. प्रत्यक्ष पूल मात्र एकसारखा तापत नाही. वरचा डांबरी थर उन्हात तापतो, खालची बाजू नदीच्या गारव्यात राहते, आणि आधारांवरील बेअरिंग अडकले असेल तर प्रसरणाला वाव न मिळून तुळईत अक्षीय बल निर्माण होते. त्यामुळे तिसऱ्या साक्षीदारावरही सर्वस्वी विसंबता येत नाही.

परदेशांतील दोन पुलांवरील निरीक्षणे या बाबतीत वारंवार उद्धृत होतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अलामोसा कॅन्यन पुलाची पहिली वारंवारता चोवीस तासांत सुमारे पाच टक्के बदलताना आढळली. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ या काँक्रीट पुलावर १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर अखंड मापन करण्यात आले. तेथे हिवाळ्यात डांबराचा थर गोठून ताठर झाल्यामुळे वारंवारता दहा टक्क्यांहून अधिक चढली. आपल्याकडे डांबर गोठत नाही हे खरे, परंतु पावसात भिजलेले काँक्रीट, रस्त्यावर चढविलेले डांबराचे नवे थर आणि पुरानंतर बेअरिंगमध्ये बसलेला गाळ हे आपले स्थानिक गोंधळकर्ते आहेत.

हानी स्वतः किती बदल घडविते याचे सर्वांत बोलके उत्तर न्यू मेक्सिकोतच मिळाले. अल्बुकर्क येथे रिओ ग्रांदे नदीवरील आय-४० महामार्गाचा पूल पाडला जाणार होता. १९९३ मध्ये तत्पूर्वी लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या संशोधकांना त्यावर प्रयोग करण्याची संधी मिळाली. दोन मुख्य पोलादी गर्डरांपैकी एकाला मध्यभागी टप्प्याटप्प्याने चार काप देण्यात आले. मूळ पहिली वारंवारता २.४८ हर्ट्झ होती. पहिल्या दोन कापांनंतर ती २.५२ हर्ट्झ म्हणजे किंचित चढलेली मिळाली. काप दिल्याने पूल ताठर होणे शक्य नसल्याने या चढीचे कारण चाचणीच्या वेळच्या बदललेल्या परिस्थितीतच शोधावे लागते. तिसऱ्या कापानंतर ती २.४६ आली. गर्डरचा खालचा पट्टा पूर्ण तुटल्यावरच ती २.३० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सुमारे सात टक्क्यांनी खाली आली. मुख्य गर्डर खालून पूर्णपणे तुटल्यावर सात टक्के, आणि निरोगी पुलात एका दिवसाच्या ऊन-सावलीने पाच टक्के. या दोन आकड्यांतील अंतर पाहता, केवळ पहिल्या वारंवारतेवर विसंबून पूल सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र देणे धाडसाचे ठरते.

वक्रतेचा मार्ग

वारंवारता ही संपूर्ण तुळईची एकत्रित बेरीज आहे. स्थानिक हानी शोधायची तर स्थानिक राशी मोजणे तर्कसंगत. १९९१ मध्ये ए. के. पांडे, एम. बिस्वास व एम. एम. समन यांनी असे दाखविले, की कंपनरूपाच्या विस्थापनाऐवजी त्याची वक्रता पाहिली तर हानीच्या जागी तीव्र उंचवटा दिसतो. कारण सरळ आहे. एखाद्या छेदावर वाकविणारे आघूर्ण जवळजवळ तेच राहून ताठरता घटली, तर तेथील वक्रता वाढलीच पाहिजे. या मार्गाने डावा व उजवा हा भेदही होतो.

किंमत मात्र द्यावी लागते. वक्रता म्हणजे विस्थापनाचे दुसरे विकलन. लगतच्या तीन बिंदूंवरील विस्थापनांच्या फरकातून ती काढतात, आणि या वजाबाकीत मापनातील बारीकसारीक चुका फुगतात. बिंदू एकमेकांच्या जवळ घ्यावेत तर चुका फुगतात, दूर घ्यावेत तर हानी दोन बिंदूंच्या मध्ये हरवते. त्वरणमापींची संख्याही वाढते. पुलाच्या एका गाळ्यावर निदान दहा-बारा ठिकाणी मापन झाल्याशिवाय वक्रतेचा आलेख विश्वसनीय होत नाही. त्वरणमापी दोनच असतील तर एक ठरावीक जागी स्थिर ठेवून दुसरा पुढे सरकवीत जाण्याची युक्ती करता येते. वेळ अधिक लागतो, पण महाविद्यालयाच्या मर्यादित साधनांत तीच परवडणारी आहे.

तडा हा प्रत्यक्षात कायम उघडाही नसतो. तुळई खाली वाकली की खालच्या बाजूचा तडा उघडतो, वर वाकली की मिटतो. मिटलेल्या अवस्थेत तुळई जवळजवळ निरोगी असल्यासारखी वागते. त्यामुळे वारंवारतेची घट अपेक्षेपेक्षा कमी येते, आणि नोंदीत मूळ वारंवारतेच्या पटीतील उपस्वर उमटतात. काही अभ्यासकांना हानीच्या शोधासाठी हे उपस्वरच अधिक उपयुक्त वाटतात.

पूर्वताणित तुळयांच्या बाबतीत एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. त्यांच्या तारा गंजून ताण कमी झाला, तरी काँक्रीटला भेगा पडेपर्यंत छेदाची ताठरता फारशी बदलत नाही. म्हणून वारंवारताही स्थिर राहते. मांडवीसारख्या पुलाच्या दुखण्यावर, निदान त्याच्या आरंभीच्या अवस्थेत, कंपन-मापन हे औषध नाही. तेथे तारांची व काँक्रीटमधील क्षाराची प्रत्यक्ष तपासणीच हवी.

पंचगंगेवरील पूल

कोल्हापूरचा जुना शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला, दगडी कमानींचा आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली व तेरा जणांचा बळी गेला. ती दुर्घटना संरचना खचल्याने झाली नव्हती, हे येथे नमूद करणे योग्य. त्यानंतर शेजारील रखडलेला पर्यायी पूल पूर्ण होऊन वाहतूक त्यावरून सुरू झाली. कमान ही तुळई नव्हे. तिच्यात भार मुख्यतः दाबाच्या रूपाने वाहिला जातो, आणि दगड व चुना यांच्या सांध्यांचे वर्तन भाराच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलत नाही. म्हणून वर दिलेली १ : ४ : ९ ही प्रमाणे किंवा घटीचे गुणोत्तर तिला लागू होत नाही. तथापि ‘काल’ आणि ‘आज’ यांची तुलना करण्यास तुळईचे सूत्र लागतच नाही. कमानीचीही वारंवारता असते, आणि तीही बदलते.

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन कमानी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या व अन्य वाहने त्याबरोबर नदीत गेली. अशा प्रसंगी धोका बहुधा वरच्या भागात नसून पाण्याखाली असतो. पुराचा प्रवाह खांबाच्या पायथ्याची माती उकरून नेतो. वरच्या तुळईची उभी कंपने मोजून ही झीज कळत नाही. मात्र पायथा उघडा पडला की खांबाची परिणामी उंची वाढते, आणि आडव्या दिशेची वारंवारता उतरते. प्रयोगशाळेतील शिकंजातून सरकलेल्या पट्टीचेच हे मोठे रूप आहे. त्यासाठी त्वरणमापी खांबाच्या माथ्यावर, प्रवाहाच्या दिशेने व पुलाच्या लांबीच्या दिशेने, आडवे बसवावे लागतात.

कोल्हापूरच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. राजाराम बंधाऱ्यावरील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. पाणी उतरल्यावर पूल केव्हा खुला करायचा हा निर्णय तातडीचा असतो. दूध, भाजीपाला, औषधे, रुग्णवाहिका सारे खोळंबलेले असतात. अशा वेळी पूल पाहायला गेलेल्या अभियंत्याच्या हाती डोळे व अनुभव असतात. इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या पाहणीविषयीची एस.पी. ३५ आणि भारचाचणीविषयीची एस.पी. ५१ ही मार्गदर्शक प्रकाशने उपलब्ध आहेत. परंतु भारचाचणीला भरलेले ट्रक, मोजणीची यंत्रणा आणि बंद रस्ता लागतो. ती पुराच्या दुसऱ्या दिवशी होत नाही. कंपनाची नोंद मात्र एका सकाळीत होते. वाहत्या वाहनांनी व वाऱ्याने पूल सतत थरथरत असतोच, त्यामुळे त्याला हातोडा मारण्याचीही गरज नसते. पूल बंद असेल तर एकच वाहन सावकाश नेऊन काम भागते.

अर्थात प्रत्येक दुर्घटना मापनाच्या अभावाने होत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जण दगावले. तो धोकादायक असल्याचे आधीच ठाऊक होते. तेथे कंपन-मापनाने नवीन काहीही सांगितले नसते.

जेथे मापन काही सांगू शकते तेथे ते पुराआधीचे असावे लागते. पूर ओसरल्यावर खांबाची आडवी वारंवारता ३.१ हर्ट्झ आली, असे समजू. हा आकडा चांगला की वाईट? मे महिन्यात तो ३.४ होता असे वहीत लिहिलेले असेल तर पूल बंद ठेवण्यास सबळ कारण मिळते. ३.१ च होता असे लिहिलेले असेल तर निदान त्या खांबापुरता दिलासा मिळतो. काहीच लिहिलेले नसेल तर ३.१ हा केवळ आकडा आहे. आराखड्यावरून संगणकीय प्रतिमान रचून अपेक्षित वारंवारता काढण्याचा पर्याय सुचविला जातो, परंतु जुन्या पुलाच्या पायाखालील मातीची ताठरता, चुन्याची अवस्था आणि नंतर चढविलेल्या थरांचे वजन गृहीत धरूनच तो आकडा येतो. गृहीतकांतील अनिश्चितता शोधायच्या बदलापेक्षा मोठी निघते.

या कामासाठी आवश्यक साहित्य फार नाही. कमी वारंवारतेवर संवेदनशील असणारे दोन-तीन त्वरणमापी, एक नोंदयंत्र, एक संगणक. पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या विभागांत यातील बराचसा भाग असतो. भ्रमणध्वनीतील त्वरणमापीने पट्टीचा प्रयोग उत्तम होतो, मोठ्या पुलाच्या सूक्ष्म थरथरीला मात्र त्याची संवेदनशीलता बहुधा अपुरी पडते. दरवर्षी मे महिन्यात व पावसाळ्यानंतर डिसेंबरमध्ये एकेका पुलाची नोंद घेणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या आवाक्यातील आहे. एकाच वेळेची नोंद पुरेशी नाही. पहाट, दुपार व रात्र अशा तीन नोंदी निदान एकदा तरी घ्याव्या लागतात, म्हणजे त्या पुलाचा तापमानाशी असलेला संबंध कळतो आणि पुढे कोणत्याही वेळी घेतलेली नोंद त्या संबंधाने दुरुस्त करता येते.

नोंदवहीत वारंवारतेच्या शेजारी तारीख, वेळ, हवेचे व पुलाच्या खालच्या बाजूचे तापमान, राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी, त्या वेळी वाहतूक चालू होती की बंद, आणि मागील नोंदीनंतर डांबराचा थर चढविला गेला काय, हे लिहिलेले असावे. त्वरणमापी ठेवण्याच्या जागा कठड्यावर रंगाने आखल्यास एका पावसाळ्यात पुसल्या जातात. प्रत्येक गाळ्याच्या खांबापासूनचे अंतर मोजून वहीत लिहिणे अधिक टिकाऊ. अंतर कोणत्या काठापासून मोजले, शहराच्या की पलीकडच्या, हेही त्यासोबत लिहावे लागते. सममित गाळ्यात दोन्ही काठांची वारंवारता सारखीच बोलते, आणि दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला दुसऱ्या कशावरूनही ते कळणार नाही.